सोळा तास

रोह्यासमोर, कुंडलिका नदीच्या दुसऱ्या काठावरच्या अष्टमी गावात, पुलापासून पाच मिनिटांच्या चालीवर शकूचं घर होतं. घरात माणसं तीन: शकू, तिचा नवरा जगन आणि सासरे महिपती. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. मुलगी मालू पनवेलला नर्सिंग शिकत होती, ती सणासुदीलाच यायची. जगन धाटावला एका कंपनीत ऑपरेटर होता. दर आठवड्याला त्याची शिफ्ट बदलायची, आणि त्याप्रमाणे घरातलं जेवणखाणही पुढेमागे व्हायचं. शकू सकाळी सातला घराबाहेर पडून पूल ओलांडून रोह्यात गिरजाबाईंच्या खानावळीत जायची. तिथे ती तांदळाच्या भाकऱ्या थापायची, दोनशे-सव्वादोनशे, आणि साडेअकराला परत यायची.

मामांनी सत्तावीस वर्षं रोह्याच्या पलीकडल्या एका गावात नळयोजनेचा पंप चालवला होता. सकाळी पाचला मोटर चालू, आठला बंद, संध्याकाळी पुन्हा दोन तास. गावात कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाकडे बारसं आहे, हे त्यांना आधी कळायचं, कारण त्या दिवशी पाणी जास्त सोडा म्हणून निरोप यायचा. एकदा योजनेचं लाइटबिल थकलं आणि जोडणी तुटली, तेव्हा मामा एकोणीस दिवस घरोघर फिरून पाणीपट्टी गोळा करत होते. लोक दारातून त्यांना वाटेला लावत. त्या एकोणीस दिवसांबद्दल ते पुढे फार बोलले नाहीत, पण घरात बिल आलं की त्याच दिवशी भरायचं, हा नियम त्यांनी घातला तो तेव्हापासून.

तरुणपणी त्यांना टीबी होऊन गेला होता. साथीच्या साली ताप आला तो छातीत उतरला, आणि त्यातून उठले तरी श्वास काही पहिल्यासारखा राहिला नाही. दोन वर्षं त्यांनी अशीच रेटली. मग एके दिवशी अंगणातल्या नळापासून ओटीपर्यंत येताना ते खाली बसले आणि अर्धा तास उठले नाहीत. डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून आकडा बघितला आणि सांगितलं, आता दिवसातले निदान सोळा तास ऑक्सिजन लागेल, आणि तो कायमचाच.

मशीन आलं. जगनने दिवाळीचा बोनस घातला, निम्मे पैसे पेणला दिलेल्या त्याच्या बहिणीने, रंभाने, दिले. पिंपाएवढं, खाली चाकं असलेलं, आणि चालू केलं की घरघर आवाज करत राहणारं. सिलिंडर बदलायची भानगड नाही, घरातल्याच हवेतून ते ऑक्सिजन काढतं, असं दुकानदाराने समजावलं. वीज किती लागते ते कुणी विचारलं नाही. मामांच्या नाकाला नळी लागली, चार दिवसांत चेहऱ्यावर रंग आला, आणि ते पुन्हा पेपर मोठ्याने वाचायला लागले. सगळ्यांना बरं वाटलं.

पूर्ण महिन्याचं पहिलं बिल आलं ते साडेतीन हजारांचं. एरवी बाराशे-तेराशे यायचं.

जगन बिल घेऊन लाइटच्या ऑफिसात गेला. मीटर बिघडलाय, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तिथल्या माणसाने घरात काय काय चालतं ते विचारलं, मशीनचं ऐकल्यावर कागदाच्या मागे हिशेब मांडून दाखवला. मशीनचेच महिन्याला पावणेदोनशे युनिट होतात. शंभरच्या पुढे दर दुप्पट, तीनशेच्या पुढे आणखी चढा. मीटर बरोबर आहे. त्या माणसाने हे चांगल्या शब्दांत सांगितलं, त्यामुळे जगनला भांडताही आलं नाही.

घरी येऊन त्याने हे सगळं शकूला जसंच्या तसं सांगितलं, जेवता जेवता, नेहमीच्या मोठ्या आवाजात. पुढच्या खोलीत आणि मामांच्या खोलीत फक्त प्लायवूडची भिंत होती. मशीनची घरघर चालू होती, म्हणून आतल्या माणसाला ऐकू जात नाही असं दोघांनीही धरलं होतं.

त्या दिवसापासून शकूने घर आवळायला घेतलं. फ्रीज गिरजाबाईंना विकून टाकला. त्यांना खानावळीला हवाच होता. पाण्याची मोटर दिवसाआड लावायची ठरवली. जगनचे कंपनीचे कपडे इस्त्रीऐवजी गादीखाली घडी करून ठेवायची. टीव्हीचा रिचार्ज संपला तो संपू दिला. मिक्सर उचलून फळीवर ठेवला आणि पाटा धुऊन काढला, तेव्हा मामांनी आतून सांगितलं होतं, "मिक्सर काय खात नाय गो, पाच मिनिटं चालतो. पंखे बघ, रात्रभर चालतात." तिला त्याचं नवल वाटलं नव्हतं. पंपावरचा माणूस, त्याला कळायचंच. ती अधूनमधून त्यांना विचारायचीही, मामा हे किती खातं, ते किती खातं, आणि ते बरोबर सांगायचे. मशीनचं मात्र दोघांपैकी कुणी काढलं नाही.

पुढचं बिल अठ्ठावीसशेवर आलं. त्याच्या पुढचं एकवीसशेवर.

एकवीसशेचा कागद हातात आला तेव्हा शकूने तो दोनदा वाचला. खानावळीत तिने ही गोष्ट सांगितली आणि बायकांनी तिला घेरलंच. सगळ्यांचीच बिलं वाढली होती. एकीने काय काय बंद केलंस ते विचारून घेतलं, दुसरीने पाट्याचं ऐकून नाक मुरडलं. गिरजाबाई म्हणाल्या की माझा फ्रीज बंद करून दाखव, पगार वाढवते. शकू हसली. बऱ्याच दिवसांनी तिला आपल्या हातून काही झाल्यासारखं वाटत होतं, आणि दोन-तीन दिवस ते तसंच वाटत राहिलं.

मग एका गुरुवारी खानावळीतला गॅस नवाच्या सुमारास संपला. दुसरं सिलिंडर दुपारशिवाय येणार नव्हतं. गिरजाबाईंनी बायकांना घरी जायला सांगितलं. जगन फर्स्ट शिफ्टला होता. शकू पूल ओलांडून आली, फाटक ढकलायच्या आधीच तिला काहीतरी वेगळं जाणवलं, पण काय ते कळेना. दारात आल्यावर कळलं. घर गप्प होतं.

तिला आधी वाटलं लाइट गेली. शेजारी कृष्णाबाईंकडे तर टीव्ही चालू होता. ती चपला न काढता आत गेली. मामा खाटेवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून. नळी नीट गुंडाळून मशीनवर ठेवलेली होती. ओठ जांभळे पडले होते आणि मानेच्या शिरा प्रत्येक श्वासाला वर येत होत्या. समोरच्या खिडकीत पेपर होता, पण तो त्यांनी वाचलेला नव्हता. ज्याला एक-एक श्वास ओढून घ्यावा लागतो त्याला वाचायला कुठून जमणार.

शकूने बटण दाबलं. नळी त्यांच्या नाकाला लावली आणि खाली जमिनीवर बसली. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. ओठांचा रंग हळूहळू फिरला.

"आज लवकर आलीस," मामा म्हणाले.

"कधीपासून चाललंय हे?"

मामांनी नळी नाकात नीट बसवली. "तू सातला जातेस. साडेअकराला फाटक वाजतं. फाटक वाजलं की लावतो." मग म्हणाले, "जगनची फर्स्ट शिफ्ट असंल तेव्हाच. तो घरी असला की नाय."

"डॉक्टरांनी सोळा तास सांगितलेत."

"सोळाच होत्यात. थोडे इकडंतिकडं." तासांचा हिशेब भरत असेलही, पण ओठ जांभळे पडेपर्यंत बसायला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. "मला सवय झाली हाय गो. बसून ऱ्हायलं, हललं नाय, की जमतं. जगनला सांगू नकोस."

शकू उठली आणि स्वयंपाकघरात गेली. पाट्यावर सकाळची चटणी तशीच वाळली होती, ती खरवडत बसली. आपण एकवीसशेचा कागद घेऊन खानावळभर मिरवलो, आणि त्यातले किती युनिट फ्रीजचे, किती या माणसाच्या श्वासाचे, हे तिला आता वेगळं करता येईना. रडू आलं नाही. एक प्रकारची शरम आली, आणि तिच्यामागोमाग राग आला, तो कुणावर ते काही ठरेना.

तीन दिवस ती कामावर गेली नाही. गिरजाबाईंना तिने कंबर धरल्याचं कळवलं. पण हे किती दिवस चालणार? तिचा पगार बुडाला तर बिल भरायचं कशातून? आणि ती परत जायला लागली की मामा परत बटण बंद करणार, याची तिला खात्री होती. चौथ्या दिवशी तिने जगनला सांगितलं.

जगनने ऐकून घेतलं. बापाच्या खोलीत जाऊन एकदा आवाज चढवला, तुम्हाला आमचं नाव घालवायचंय का, असं काहीतरी बोलला. मग तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला, आणि तिथूनच त्याने पेणला रंभाला फोन लावला.

रंभा रविवारी एसटीने आली. ती जगनपेक्षा सहा वर्षांनी मोठी, बोलायला सरळ. तिचा नवरा विठू पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा, दोन मुलगे कामाला लागलेले. तिने सगळं ऐकलं, बिलं मागून घेऊन बघितली आणि म्हणाली की बाप दोघांचा आहे तर बिलही दोघांचं. पंधरा दिवस अष्टमीत, पंधरा दिवस पेणला. मशीन माणसासोबत फिरेल. कुठलंच बिल फार वर जाणार नाही, आणि कुणा एकावर भारही पडणार नाही.

हिशेब बरोबर होता. जगनला पटला, शकूलाही पटला. मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरंय की. रीडिंग तुमच्याकडं कधी घेतात, आमच्याकडं कधी घेतात, तेवढं बघून तारखा धरा." ते काय विचार करून तसं म्हणाले कुणास ठाऊक, पण रंभाने तारखा लिहून घेतल्या.

पहिल्या खेपेला भाड्याची गाडी केली. मधल्या सीटवर मामा, पायाशी मशीन, मांडीवर वाटेपुरतं ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर. नागोठण्यापर्यंत शकू सोबत गेली, तिथे रंभाचा मुलगा आला होता, त्याच्या हवाली करून ती एसटीने परतली.

घरी आल्यावर तिने मामांची खोली झाडली, चादरी धुतल्या. रात्री झोपली ती सकाळपर्यंत जागी झाली नाही. घरघर नाही, मधूनच खोकला नाही, नळी निघाली का ते बघायला उठणं नाही. चार-पाच दिवसांनी तिच्या लक्षात आलं की आपल्याला हे बरं वाटतंय. कामावर जाताना पाऊल हलकं पडत होतं. तिने हे कुणाला सांगितलं नाही. पंधरवडा संपत आला तेव्हा तारीख विसरल्यासारखं करावं असंही एकदा मनात येऊन गेलं, पण तिने विसरल्यासारखं केलं नाही.

अशा चार महिन्यांत आठ खेपा झाल्या. बिलं खरंच आटोक्यात आली. मामा कुठेच तक्रार करत नव्हते. पेणहून आले की विठूच्या कारखान्यातल्या गोष्टी सांगायचे, अष्टमीहून गेले की तिकडे कुंडलिकेला किती पाणी आहे ते सांगत असतील. फक्त प्रत्येक खेपेनंतर दोन दिवस ते पडून असायचे. गाडीचे धक्के, दुसरं काय, असं सगळे म्हणायचे.

नवव्या खेपेला शकू थेट पेणपर्यंत सोबत जाणार होती. नागोठण्याच्या अलीकडे रस्त्याच्या कामापाशी गाड्या तुंबल्या. अर्ध्या तासाची वाट दोन तास झाली. शकूने सिलिंडरवरचा काटा बघितला, मग पुन्हा बघितला. मामांना कळलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बोलणं बंद केलं, त्या गुरुवारी खाटेवर बसले होते तसेच हात गुडघ्यांवर ठेवले. काटा तळाला टेकला तेव्हा पेण अजून वीस मिनिटांवर होतं. ड्रायव्हर चंदर पोरगेला होता, पण त्याने डोकं चालवलं. उलट्या बाजूने गाडी काढली आणि थेट पेणच्या दवाखान्याच्या दारात उभी केली. तोवर मामांची मान शकूच्या खांद्यावर पडली होती.

ते वाचले. चार दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरीणबाईंनी जगनला आणि रंभाला बाहेर बोलावून विचारलं की या माणसाला असं इकडून तिकडे कशासाठी नेता. रंभाने खरं ते सांगितलं. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत की काही नाही. हे त्यांनी बहुतेक पहिल्यांदा ऐकलेलं नसावं. एवढंच म्हणाल्या, "कुठल्याही एका घरी ठेवा. आता प्रवास नको."

मग एक घर कोणतं, हा प्रश्न आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात भाऊ-बहीण हलक्या आवाजात बोलत होते. आपल्याकडे ठेवू म्हण, असं विठूने रंभाला सांगितलं नव्हतं. नको म्हण, असंही सांगितलं नव्हतं. जगन शिफ्टचं सांगत होता, रंभा जागेचं. शकू बाकावर बसून ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या मनात आलं की गेले सात-आठ महिने मशीन, मीटर, गाडी, तारखा, सगळ्याबद्दल बोलणं झालं, पण ज्याला न्यायचं-आणायचं त्याला एकदाही कुणी विचारलेलं नाही. तिनेही नाही.

ती उठून आत गेली.

"मामा, तुम्हाला कुठं ऱ्हायचंय?"

मामांनी तिच्याकडे बघितलं. प्रश्न त्यांना नवा होता.

"अष्टमीत," ते म्हणाले. "पण बिल माझ्या हातात द्यायचं. आलं की पहिलं मला."

"कशाला? परत बंद करायला?"

"नाय. आकडा दिसला नाय की मी मनात धरतो, आणि मनात धरतो तो जास्तच धरतो. तुम्ही भिंतीआड बोलता, मला अर्धं ऐकू येतं. अर्ध्या ऐकण्यानं मी बटण बंद केलं गो." ते थांबले, श्वास घेतला. "कागद दाखवलास तर मी मशीनला हात लावणार नाय. तुझी शपथ."

"आणि जास्त आलं तर?"

"जास्त आलं तर जास्त आलं. माझी पेन्शन हाय तीन हजार, ती त्यात घाला. ती काय मी मेल्यावर वापरायला ठेवलीय?"

शकूने बाहेर येऊन दोघांना सांगितलं. रंभा म्हणाली की दर महिन्याला निम्मं बिल मी फोनवरून पाठवेन. तिने ते पाठवलंही, कधी वेळेवर, कधी दोन आठवडे उशिरा, एकदोनदा विसरली. शकूने आठवण केली नाही. पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून यायचे.

लाइटबिलाच्या एखाद्या सवलतीत हे मशीन बसतं का म्हणून जगन पुन्हा ऑफिसात जाऊन आला. नाही बसलं. छपरावर सौर पाट्या बसवून घ्या असं कुणी सांगितलं, तेव्हा माहिती काढली, पण घर अजून आजोबांच्या नावावर होतं आणि हिस्सेदारांच्या सह्यांचं काम काही लवकर उरकणारं नव्हतं. तो अर्ज राहिला. मालूने पनवेलहून बोटाला लावायचा चिमटा आणून दिला आणि आकडा कितीच्या खाली गेला की काय करायचं ते मामांना शिकवलं. सकाळी नाश्ता झाल्यावर, नव्वदच्या वर असेल तर, ते आता मशीन तासभर बंद ठेवत, डॉक्टरांना विचारून. त्या तासात ओट्यावर येऊन बसायचे. कृष्णाबाई कुंपणापलीकडून विचारायच्या, काय महिपती, आज मशीनला सुट्टी का, आणि मामा म्हणायचे, व्हय, त्याचीबी शिफ्ट बदलते.

शकू पुन्हा खानावळीत जायला लागली. पहिले काही दिवस परत येताना फाटकाच्या अलीकडेच तिची पावलं थबकायची, कान आत लागायचे. घरघर ऐकू यायची. महिन्याभरात थबकणं थांबलं.

बिल यायचं त्या दिवशी ती ते पाकिटातून काढायचीही नाही, तसंच मामांच्या हातात द्यायची. ते चष्मा लावून आधी मागचं रीडिंग, मग पुढचं, मग युनिट, असं क्रमाने वाचायचे. कधी "बरोबर हाय" म्हणायचे, कधी "स्थिर आकार वाढवलाय यांनी" म्हणून दाखवायचे. मग कागद घडी करून परत द्यायचे, आणि संध्याकाळी जगन भरून टाकायचा.

एप्रिलचं बिल तीनशे वीस युनिटचं आलं. उन्हाळा, खोल्या तापलेल्या, रात्रीचा पंखा बंद ठेवणं कुणालाच जमलं नव्हतं. शकू उंबऱ्यात उभी राहून मामांच्या चेहऱ्याकडे बघत होती. आकडा तिने फाटकापासून आत येतानाच वाचला होता, पाकीट या वेळी थोडं उघडं होतं. त्यांनी नेहमीसारखं क्रमाने वाचलं. तीनशेच्या पुढच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं, मग पुढे सरकलं. त्यांनी चष्मा काढला आणि कागद तिच्याकडे दिला.

"वर गेलं," ती म्हणाली.

"व्हय, गेलं." त्यांनी बनियनने गळा पुसला. "पंखा लाव गो जरा, उकडतंय."

तिने पंखा लावला, आणि तांदूळ निवडायचं सूप घेऊन त्याच वाऱ्यात बसली.